हंसराजाची साक्ष

खोटं बोलून गोत्यात आलेली माणसं मी ट्रेझरी ऑफिसात पुष्कळ पाहिली. खरं बोलून गोत्यात आलेला माणूस मात्र एकच पाहिला, आणि त्याची दाढी रोज सकाळी मीच करतो. बरं, त्या बिचाऱ्याने काही मोठं सत्य सांगितलं होतं असंही नाही. "या झाडाले मी पाणी घालतो," एवढं एकच वाक्य. पण आदिलाबादच्या आमच्या कॉलनीत त्या वाक्यावर कुणीही विश्वास ठेवला नाही, आणि आजतागायत ठेवत नाही.

झाडाचं नाव हंसराज. जुन्या विहिरीत वाकून पाहिलं तर दगडांच्या सांदीत, काळ्या चकचकीत काडीवर बारीक गोलसर पानं लोंबताना दिसतात, तेच. त्याला फूल येत नाही, फळ धरत नाही, बी तर नाहीच. पानाच्या मागच्या कडेला तपकिरी पूड असते, तेवढीच त्याची संतती. जुने हकीम खोकल्यावर त्याचा काढा देत. एरवी कुणी त्याच्या वाटेला जात नाही, आणि तेही कुणाच्या वाटेत येत नाही.

माझी पत्नी दमयंती मराठी शाळेत विज्ञान शिकवायची. एकदा मुलींची सहल घेऊन ती जंगलातल्या ओढ्यावर गेली आणि येताना रुमालात गुंडाळून एक हंसराज घेऊन आली. न्हाणीजवळ रांजण ठिबकतो त्या जागी तिने तो कुंडीत लावला. पावसाळ्यात तो हिरवागार झाला आणि उन्हाळ्यात पार वाळून गेला. मी कुंडी रिकामी करायला निघालो, तर ती हातातली कणीक तशीच ठेवून धावत आली.

"अहो, मेला नाई तो. झोपला हाये. झोपलेल्याले कोणी फेकते का?"

पुढच्या पावसाळ्यात तो खरंच उठला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात तो झोपायचा, दर पावसाळ्यात उठायचा, आणि मी त्यात लक्ष घालत नसे. दमयंती कधीकधी म्हणायची, "याची जागा ओढ्याकाठी हाये. म्या उगाच उचलून आणला. एक दिवस नेऊन लावू परत." मी "हो" म्हणायचो. नवऱ्याने हो म्हणायचं आणि विसरायचं, ही आमच्या घरातली रीतच होती.

मग एका दसऱ्याच्या आधी, चार दिवसांच्या तापाने, दमयंती गेली. घरात तिचं पुष्कळ काही राहिलं. साड्या, चष्मा, खडूंचा डबा. पण त्यातलं जिवंत असं एकच होतं, ती कुंडी.

मी कधी तुळशीलासुद्धा पाणी घातलेलं नाही. त्यामुळे शेजाऱ्यांचा सल्ला घेणं ओघानेच आलं. सल्ला आमच्या कॉलनीत मागावा लागत नाही, दार उघडं ठेवलं की तो आत येतो. शेजारच्या विमलबाई म्हणाल्या, शेणखत घाला. समोरचे हणमंतराव, जे महसुलात गिरदावर म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून कॉलनीचे अध्यक्ष आहेत, ते म्हणाले, चिमूटभर युरिया टाका, कापूस कसा उभा राह्यते पाहा. कापसाला जे चालतं ते जगाला चालतं, अशी आमच्या जिल्ह्याची श्रद्धा आहे. मी कुणाचंही मन मोडलं नाही. शेणखतही घातलं आणि युरियाही. महिनाभरात हंसराज पिवळा पडला.

तेव्हा मला दमयंतीचं बोलणं आठवलं, आणि मी ठरवलं की याला जिथून आणला तिथं नेऊन लावायचं. तिला दिलेले "हो" पुष्कळ होते. निदान एक तरी खरा करून दाखवावा असं मला मनापासून वाटलं.

रविवारी धुतलेलं धोतर नेसून, कुंडी मांडीवर घेऊन मी बसमध्ये बसलो. जंगलखात्याच्या नाक्यावर बस थांबली. गार्ड आत चढला, माझ्या मांडीकडे पाहिलं आणि मला खाली उतरवलं.

"अंदर ले जाने का परमिट किधर है?"

मी म्हणालो, जंगलातून काही बाहेर न्यायचं तर परमिट लागतं, हे मला ठाऊक आहे. मी तर जंगलाचं जंगलाला परत देतो आहे. तो म्हणाला, तेच तर. बाहेर न्यायचं परमिट असतं. आत न्यायचं परमिटच निघत नाही. आणि ज्याचं परमिट निघत नाही ते काम कायद्यात बसत नाही. मी चांगला वादपटू आहे, पण या युक्तिवादात मला फट सापडली नाही. उलट त्याने मलाच विचारलं, हा पाला जंगलातला आहे हे तुम्ही आत्ताच कबूल केलंत, मग तो बाहेर आला कसा? पुढच्या परतीच्या बसने मी घरी आलो. कंडक्टरने कुंडीचं लगेजचं तिकीट फाडलं.

आमच्या कॉलनीच्या मागे एक नाला आहे. हिवाळ्यापर्यंत त्याला बारीक धार असते. काठावर करंजाचं मोठं झाड, त्याच्या सावलीत काळ्या खडकाची कपार. जंगल नाही तर नाही, कपार तर खरी, असं म्हणून मी कुंडी फोडली, मुळांवरचं शेणखत आणि युरिया धुऊन काढला आणि हंसराज त्या कपारीत बसवला. कुणाला विचारलं नाही. कदाचित म्हणूनच तो जगला. पौषात त्याने नवी पानं टाकली. त्याची एक गंमत असते. पानाचं टोक लांबत जाऊन मातीला टेकतं आणि तिथं दुसरं रोप धरतं. दमयंती मुलींना सांगायची, हे चालणारं झाड आहे. ते कपारीतून असं हळूहळू चालू लागलेलं पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी मला घरी जाऊन नीट जेवावंसं वाटलं.

धार आटू लागली तसा मी रोज सकाळी त्याला घरून पाणी नेऊ लागलो. बादलीने घातलं तर माती वाहून जाते, म्हणून तांब्याने.

इथं वाचकांनी जरा थांबून चित्र डोळ्यांसमोर आणावं. आमच्या कॉलनीत घरोघरी संडास आहेत आणि कॉलनीला त्याचा अभिमान आहे. अशा कॉलनीतला, सरकारी नोकरीतला, पांढऱ्या केसांचा एक गृहस्थ रोज उजाडता उजाडता हातात पाण्याचा तांब्या घेऊन खाली मान घालून नाल्याकडे जातो आणि थोड्या वेळाने रिकामा तांब्या घेऊन परत येतो. तो कुठं जातो, हे त्याला कुणी विचारील का? तांब्या घेतलेल्या माणसाला कुणी हटकू नये, हा तर शिष्टाचार आहे. मला वाटे, लोक माझ्या दुःखाचा मान राखून बोलत नाहीत. ते मान राखत होते हे खरं, पण दुसऱ्याच गोष्टीचा.

एक दिवस हणमंतराव फाटकाशी आले.

"उद्धवराव, गवंडी धाडू का?"

"कायले?"

"नाई, सहज पुसतो. घरात काई तुंबलं, फुटलं, तर सांगायले लाजू नये माणसानं. अन् तवर आमचं दार तुमाले कवाई उघडं हाये."

मला वाटलं, एकट्या माणसाची चौकशी करताहेत. मी डोळ्यांत पाणी आणून त्यांचे आभार मानले. त्यांनी ते आभार ज्या अर्थाने घेतले त्याचा विचार आला की आजही कान तापतात.

फाल्गुनात नाला पार कोरडा झाला. हंसराजाची पानं कडेने तपकिरी होऊ लागली. दमयंती असती तर म्हणाली असती, झोपू द्या त्याला. हे मलाही कळत होतं. पण तिच्यामागचा तो माझा पहिला उन्हाळा होता. वाळलेल्या पानाकडे पाहून "झोपलं आहे" म्हणायला जी छाती लागते ती माझ्यापाशी नव्हती. ते वाळलं आणि उठलंच नाही तर? मी एका तांब्याचे दोन तांबे केले. त्यासाठी अंघोळ आवरती घेतली, कारण तेव्हा नळ एकाआड एक दिवस यायचा आणि तोही रडतरडत. हंसराज हिरवा राहिला. दोन तांबे नेताना पाहून विमलबाईंनी त्याच संध्याकाळी बेलाचा मुरंबा पाठवला. "सकाळी उपाशीपोटी घ्या, पोट बांधल्या जाते," असा निरोपही पाठवला. मुरंबा चांगला होता. निरोपाचा मला उलगडा झाला नाही.

चैत्रात पाण्याचे फार हाल झाले. टँकर आला की हंड्यांची लढाई व्हायची. अशात हणमंतरावांच्या खटपटीला यश येऊन मंडल ऑफिसातून कॉलनीसाठी बोअर मंजूर झाला. तहसीलचं मंडल होऊन बरीच वर्षं झाली होती, पण हणमंतराव अजून तहसीलच म्हणत आणि अर्जाला दरख्वास्त. कागदावर बोअर मंजूर झाला तरी जमिनीतलं पाणी मंजूर करायला पाणाड्या लागतो. त्यासाठी जैनथ गावाहून चंपतरावांना बोलावलं. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते चालतात, खाली पाण्याची धार असली की नारळ उभा होतो.

सगळी कॉलनी त्यांच्या मागे. मीही होतो. नारळ कुठंच उभा होईना. चालत चालत चंपतराव नाल्यात उतरले, करंजाखाली आले आणि एकदम थबकले. नारळ त्यांनी काखेत घातला आणि गुडघे टेकून कपारीकडे पाहू लागले.

"हे पाहा," ते म्हणाले. "चैत चालू हाये. नाला तडकला. गवताची काडी हिरवी नाई. अन् हंसराज पाहा कसा लवलवते! जुन्या विहिरीत पाहा तुमी, पानी जिथं नेमानं राह्यते तिथंच हंसराज असते. माणूस खोटं बोलन, नारळ खोटा पडन. हे झाड खोटं बोलत नाई." मग त्यांनी नारळ काखेतून काढून तळहातावर ठेवला, आणि तो उभा राहिला.

बायकांनी तिथल्या तिथं हात जोडले. हणमंतरावांनी खडूने खडकावर फुली मारली. फुली बरोबर हंसराजाच्या शेजारी होती.

मी पुढे झालो. "थांबा. हे झाड हिरवं हाये कारण मी त्याले पाणी घालतो. रोज सकाळी. तांब्यानं."

कुणी वर करंजाकडे पाहू लागलं, कुणी स्वतःच्या चपलांकडे. विमलबाईंनी पदर ओठांवर धरला. हणमंतरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला नेलं.

"उद्धवराव, असू द्या. त्यात लाजायसारखं काय हाये? आमी काय कवा बोललो का तुमाले? पण चारचौघांत काई तरी बनवून सांगू नका."

तेव्हा कुठं मला मागच्या कित्येक महिन्यांचा अर्थ लागला. गवंडी, उघडं दार, बेलाचा मुरंबा, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं. मला खडकाच्या कपारीत शिरून हंसराजाशेजारी बसावंसं वाटलं.

चंपतरावांनी तर मला फार सौम्यपणे समजावलं. "साहेब, या दिवसांत प्यायले पानी नाई. फूल नाई, फळ नाई, बी नाई, अशा झाडाले कोन पानी घालन? तुमीच सांगा."

मला सांगायचं होतं, पण कॉलनीच्या मधोमध उभं राहून सांगण्यासारखं ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी मंडल ऑफिस गाठलं. तिथं व्यंकटेश नावाचा कारकून होता. मूळचा तेलुगू, पण मराठी आमच्या बाजारात शिकलेला. बोअरची जागा दहा पावलं सरकवावी असा माझा अर्ज होता. त्याने तो वाचला आणि गंभीर झाला.

"सार, हे चेट्टू हाय का?"

झाड म्हणावं तर छातीएवढ्या उंचीवर बुंध्याचा घेर लिहावा लागतो. हंसराज माझ्या घोट्याएवढा. मी नाही म्हणालो.

"मग पंट असंल. कापूस, जवारी, काय?"

पीक म्हणावं तर एकरी उतारा लागतो. तेही नव्हतं. मग गड्डी, म्हणजे गवत. गवत सरकारी नाल्यातलं असेल तर त्याचा लिलाव होतो. आणि हे गवत मी स्वतः लावलं असेल, असं व्यंकटेशने आवाज खाली आणून विचारलं, तर सरकारी जमिनीवर माझा कब्जा झाला ना? त्याची वेगळी केस होते. अर्ज मागे घेतलेला बरा. मी अर्ज मागे घेतला. माझा चेहरा पाहून त्याने चहा मागवला आणि विचारलं, "सार, पण तुमाला पायजे काऊन हे?"

त्याला मी सगळं सांगितलं. दमयंतीचं, ओढ्याचं, रुमालाचं, झोपण्याचं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं जातं. तो चहा न पिता ऐकत होता. शेवटी म्हणाला, "हे दरख्वास्तीत लिवाले जागा नाई सार. पण तुमी सांगितलं, मी ऐकलं."

आता एकच उपाय होता. झाड उपटून दुसरीकडे लावणं. उन्हाळ्यात मुळं हलवली तर ते बहुधा मरणार, पण बोअरच्या गाडीखाली नक्की मरणार. बोअरची गाडी यायच्या आदल्या दिवशी दुपारी, सगळे झोपलेले पाहून, मी खुरपी घेऊन नाल्यात उतरलो. मुळं खडकाच्या भेगेत इतकी घट्ट बसली होती की ओढलं असतं तर हातात नुसत्या काड्या आल्या असत्या. मी भेगेतली माती टोकरत होतो तेवढ्यात वरून आवाज आला.

"भाऊजी! निशाणी मिटवून राह्यले का?"

विमलबाई होत्या. त्यांच्यामागे रिकामे हंडे घेतलेल्या चारपाच जणी. टँकर आलाच नव्हता, त्या तशाच परतत होत्या. मी खुरपी मागे लपवली. या वयात खुरपी पाठीमागे धरून बायकांसमोर उभं राहणं किती वाईट दिसतं, याची कल्पना अनुभवाशिवाय यायची नाही.

"विमलबाई, हे दमयंतीचं झाड हाये," मी म्हणालो.

दमयंतीची आणि त्यांची मैत्री जुनी. मग त्या खाली आल्या, हंडा खडकावर ठेवला आणि अगदी हळू म्हणाल्या, "असन भाऊजी. मी नाई म्हणत नाई. पण माह्या सुनेचे दिवस भरत आले. पोट घेऊन थे टँकरमागं पळते. दमयंतीबाई असती तर तिनं काय केलं असतं, तुमीच सांगा."

दमयंतीने काय केलं असतं हे मला नको तितकं ठाऊक होतं. मी खुरपी पुढे आणली आणि विमलबाईंच्या हातात दिली. भेगेत टोकरलेली माती बोटाने परत दाबून बसवली आणि घरी आलो. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही.

बोअरची गाडी आली तेव्हा सगळी कॉलनी करंजाखाली होती. मी जाणार नव्हतो, पण सकाळी पाय आपोआप तिकडे वळले आणि हातात सवयीने तांब्याही आला होता. हंसराजाला शेवटचे दोन घोट मी सर्वांच्या देखत घातले. कुणी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण शिष्टाचाराने मान फिरवली. मग गाडीचं इंजिन सुरू झालं आणि भोकातून राखाडी भुकटी उडू लागली. पहिल्या काही मिनिटांतच कपार दिसेनाशी झाली. मी डोळ्यांवर हात धरला. धूळ फार होती, त्यामुळे कुणाला काही विचारायचं कारण पडलं नाही.

पाइपामागून पाइप खाली गेला. भुकटीच येत राहिली, कोरडी ठणठणीत. दुपार झाली. चंपतराव नारळ घेऊन गाडीपासून जरा लांब, बसस्टँडच्या दिशेने उभे राहिले. गाडीवाल्याने हाताने खूण केली की आणखी एक पाइप, मग बस्स. तेव्हा हणमंतराव माझ्याजवळ आले. चेहऱ्यावर भुकटीचा थर, डोळे तेवढे उघडे.

"उद्धवराव," ते माझ्या कानाशी ओरडले, "तुमी खरंच पाणी घालत होते काय हो त्याले?"

सगळी कॉलनी माझ्याकडे पाहत होती. आणि या वेळी, प्रथमच, त्यांचा माझ्यावर विश्वास बसत चालला होता. माझी इतक्या वर्षांची अब्रू त्या एका पाइपाच्या अंतरावर होती. मी विमलबाईंच्या सुनेकडे पाहिलं. ती करंजाच्या बुंध्याला टेकून, पोटावर दोन्ही हात ठेवून त्या भोकाकडे पाहत होती. जन्मात पहिल्यांदाच मला मनापासून वाटलं की आपण खोटे ठरावं. देवा, मी पाणी घातलंच नाही, असं मी मनात म्हणालो. मुकाट्याने, तांब्या छातीशी धरून.

शेवटच्या पाइपाला भुकटी ओली झाली. मग तिचा चिखल झाला, आणि मग पाण्याचा असा लोट उसळला की करंजाच्या खालच्या फांद्या धुऊन निघाल्या. हणमंतराव धोतरासकट भिजले आणि लहान पोरासारखे ओरडले. चंपतराव बसस्टँडच्या दिशेकडून परत आले. विमलबाई माझ्याकडे पाहून हसत होत्या आणि रडतही होत्या. तिथं पाणी होतंच. हंसराजाला ते ठाऊक होतं की नव्हतं, मला माहीत नाही. पण आता माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

हापशी बसली, ओटा झाला, पाणी वाहून जायला दगडी नाली झाली. उद्घाटनाला मला शाल दिली. हणमंतरावांनी भाषणात सांगितलं की, उद्धवरावांची पहाटे नाल्याकडे जाण्याची जुनी सवय आपल्या पथ्यावर पडली, त्यामुळेच त्या बाजूची पायवाट मोकळी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चंपतरावांची कीर्ती भीमपूरपर्यंत गेली. ते आता नारळाआधी हंसराज शोधतात असं ऐकतो. मी मात्र नाल्याकडे जाणं सोडलं. कपारीच्या जागी भुकटीचा घट्ट राखाडी गोळा होता आणि तो मला बघवत नव्हता. विमलबाईंच्या घरी नातू झाला, त्याच्या बारशाची घुगरी आली. ती मी खाल्ली आणि आनंदही झाला. पण घरात आल्यावर रांजणाखालची कुंडीची रिकामी गोल जागा दिसायचीच.

भाद्रपदात एका सकाळी विमलबाईंनी हाक मारली. हापशीच्या नालीत शेवाळ धरलं होतं, सून घसरता घसरता वाचली, आज घासून काढायचं होतं, कॉलनीतून घरटी एक माणूस पाहिजे. माझ्या घरात माणूस एकच, म्हणून मी गेलो. माझ्या वाट्याला ओट्याची मागची, सावलीची बाजू आली. मी ब्रश लावणार तोच हात थांबला.

ओल्या दगडावर शेवाळाच्या मध्ये मसुरीच्या डाळीएवढे हिरवे ठिपके होते. चष्मा पुसून वाकून पाहिलं. प्रत्येक ठिपका नीट पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा. दमयंती फळ्यावर हेच काढायची. घरी स्वयंपाक करतानाही मला सांगायची, की हंसराजाच्या पुडीतून आधी हंसराज येतच नाही, आधी असा एक चिमुकला बदाम येतो, आणि मग त्याच्या पोटातून हंसराज. मी म्हणायचो, बदामातून झाड! पोरींना काहीही शिकवतेस. एका बदामाच्या खाचेतून केसाएवढी काळी काडी वर आली होती, आणि तिच्या टोकाला एक गोल पान होतं.

किती वेळ मी तिथं उकिडवा बसलो होतो कोण जाणे. विमलबाई ब्रश घेऊन शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दमयंतीबाईचं?"

मी मान हलवली. त्यांनी मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ही बाजू कोनी घासाची नाई!" काऊन म्हणून कुणी विचारलंही, पण त्या पलीकडची बाजू घासायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी तांब्या भरून निघालो. हापशीवर विमलबाई हंडा भरत होत्या. मी ओट्यामागे जाऊन वाकलो, तर त्या हसायला लागल्या.

"तांब्या कायले आणला भाऊजी? आमी हंडे भरतो तवा सांडतेच ना पानी. दिवसभर सांडते. त्याले आता तुमच्या तांब्याची गरज नाई."

खरंच होतं. त्यांच्या हंड्यातून सांडलेलं पाणी नालीतून वाहत येऊन त्या बदामांच्या बुडाशी पाझरत होतं. फूल नसलेल्या, फळ नसलेल्या, बी नसलेल्या झाडाला सगळी कॉलनी पाणी घालत होती, आणि कॉलनीला त्याचा पत्ताही नव्हता. मी थोडा वेळ तिथं उभा राहिलो आणि भरलेला तांब्या तसाच घेऊन परत निघालो.

वाटेत हणमंतराव भेटले. त्यांनी माझ्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं. तो काठोकाठ भरलेला पाहून त्यांचा चेहरा उतरला, पण शिष्टाचार म्हणून ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांच्याकडून एरंडेलाची बाटली आली.

मी ती ठेवून घेतली. खरं काय ते सांगायला गेलो नाही. दमयंती असती तर पदर तोंडाला लावून हसत सुटली असती. घरात हसायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मग मीच हसलो.